हातातून सुटणारा चेंडू

[दृश्य : टीव्हीचा पडदा. बोलिंगची चकचकीत लेन. समोर पांढरा, लांबट रिमोट धरलेला हात.]

हा वी या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा रिमोट. त्याच्या मागच्या बाजूला, तर्जनी आपसूक जाऊन टेकते तिथे एक बटण आहे. बी. ते दाबून धरायचं, हात सरळ मागे न्यायचा, पुढे आणायचा, आणि हात पुढे येता येता बोट उचलायचं. एवढंच. पडद्यावरचा चेंडू सुटतो, लेनवरून घरंगळत जातो. सुटताना मनगट जरा वळलं असेल तर शेवटी शेवटी बाकदार वळण घेतो आणि दहाच्या दहा पिना आडव्या करतो.

बोट उचलायची घाई झाली, हात मागे असतानाच बटण सुटलं, तर चेंडू धपकन पाठीमागे पडतो आणि मागे उभी असलेली चित्रातली माणसं दचकून उडी मारतात. हे पहिल्यांदा बघून हसला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

[दृश्य : जुन्या जाहिरातीसारखा दिवाणखाना. चौघेजण सोफ्यावरून उठून उभे.]

हा खेळ 'वी स्पोर्ट्स'मधला. निन्टेंडो या जपानी कंपनीचा वी हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, 19 नोव्हेंबर 2006 रोजी अमेरिकेत दुकानांत आला. डिसेंबरमध्ये तो जपान, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात पोचला. सोबत एकाच डिस्कमध्ये पाच खेळ होते : टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. इथे बोलिंग म्हणजे दहा पिनांचं, बुमराचं नव्हे. जपानमध्ये ही डिस्क वेगळी विकत घ्यावी लागे, बाकी बहुतेक ठिकाणी ती कन्सोलच्या खोक्यातच मिळायची. त्यामुळे 8 कोटी 29 लाख प्रती हा आकडा ऐकून फार भारावून जाऊ नका. त्यातल्या बहुतेकांनी डिस्क निवडून घेतलेली नव्हती, ती पदरात पडली होती.

पण पदरात पडलेली गोष्ट लोक कपाटात टाकतात. ही कपाटात गेली नाही. आणि पाचांतला एक खेळ तर भलत्याच लोकांच्या हातात जाऊन बसला, ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. तो टेनिस नव्हता आणि बॉक्सिंगही नव्हता. तो बोलिंग होता. का, हे समजून घ्यायचं तर आधी रिमोटच्या पोटात डोकवावं लागेल.

[दृश्य : उघडलेला रिमोट. हिरव्या पट्टीवर नखाएवढी चिप.]

ही नखाएवढी चिप म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. आत सिलिकॉनचं एक सूक्ष्म वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. रिमोटला हिसका बसला की ते वजन किंचित सरकतं, आणि किती सरकलं त्यावरून वेग कसा वाढला-घटला ते चिपला कळतं. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणही तिला जाणवतं, म्हणून रिमोट आडवा आहे की तिरका, तेही ती सांगू शकते. पण तुमचा हात खोलीत नेमका कुठे आहे? ते तिला ठाऊक नसतं. कन्सोलसोबत टीव्हीवर ठेवायला मिळणारी काळी पट्टी ते बघते, असं बऱ्याच जणांना वाटायचं. ती काहीच बघत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, इतकंच. बघतो तो रिमोटच्या तोंडाशी असलेला छोटा कॅमेरा. पट्टी बिघडली तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही पडद्यावरचा बाण हलवता येतो. लोकांनी तसं केलेलंही आहे.

तर हा रिमोट हिसका ओळखतो, कल ओळखतो. बाकीचं गेम अंदाजानं भरून काढतो. आणि या अंदाजातच पाच खेळांची नशिबं ठरली.

[दृश्य : टेनिसचं मैदान. रिमोट रॅकेटसारखा फिरवणारी मुलगी.]

टेनिस घ्या. पडद्यावरचा खेळाडू स्वतःच धावतो, चेंडूपाशी स्वतःच पोचतो. तुमच्या हातात एकच गोष्ट : फटका कधी मारायचा. उजव्या हाताच्या खेळाडूनं फोरहँड लवकर मारला तर चेंडू डावीकडे, उशिरा मारला तर उजवीकडे. पहिल्या संध्याकाळी माणूस अंगात आल्यासारखा हात फिरवतो. आठवडाभरात धाकट्या भावाला कळतं, की सोफ्यावर लोळून मनगटाला एक झटका दिला तरी तोच फटका बसतो. मग तो लोळून जिंकायला लागतो आणि घामाघूम झालेली ताई हरते. टेनिस मजेदार होता, खोटं का बोला. पण अंग हलवणाऱ्याची कदर त्याला नव्हती.

ताईचं निदान हरण्यावर भागलं. स्पेनमधल्या 29 वर्षांच्या एका निवासी डॉक्टरचा उजवा खांदा एका रविवारी सकाळी ठणकायला लागला. आदल्या दिवशी त्यानं नवा वी आणून तासन्‌तास टेनिस खेळलं होतं. 2007च्या जूनमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पत्र छापून आलं. त्यात दुखण्याचं नाव होतं 'अक्यूट वीआयटिस'. उपचार : आठवडाभर आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक आणि वी पूर्ण बंद. रुग्ण बरा झाला.

बेसबॉल तर अर्धाच आहे. चेंडू टाका किंवा मारा, झेलणं आणि पळणं गेमकडे. तीन डाव, संपलं. पुढे जाऊ.

[दृश्य : हिरवळ, ध्वज, दूरवर समुद्र.]

गोल्फची गोष्ट वेगळी. तिथे हळू मारायला शिकावं लागतं. जोर जास्त लागला की पडद्यावरची पट्टी लाल होते आणि चेंडू कुठेही भरकटतो. शेवटच्या दोन फुटांवरून चेंडू भोकात ढकलताना रिमोट इतका हलकेच हलवावा लागतो की कधी कधी त्याला काही कळतच नाही, आणि खेळाडू चेंडूकडे बघत ढिम्म उभा राहतो. या गोल्फचे नऊही होल 1984च्या निन्टेंडोच्या जुन्या 'गोल्फ'मधून उचललेले आहेत. त्या जुन्या गेमचं प्रोग्रॅमिंग केलं होतं सातोरू इवाता यांनी. 2006 साली वी बाजारात आला तेव्हा हेच इवाता कंपनीचे अध्यक्ष होते.

बॉक्सिंगला दुसऱ्या हातात नंचक नावाचा छोटा जोड-रिमोट लागतो, वायरनं जोडलेला. घाम सगळ्यात जास्त इथेच निघतो आणि चिडचिडही इथेच होते. कारण ठोसा मारलात डावीकडे आणि पडद्यावर गेला सरळ, किंवा गेलाच नाही. वेगानं मारण्यापेक्षा थांबून, नीट एकेक ठोसा मारला तर गेमला समजतो. बॉक्सिंगमध्ये संयम!

[दृश्य : पुन्हा बोलिंगची लेन. रांगेत वाट बघणारी माणसं.]

आता बोलिंग. इथे धावायचं नाही, कुणी उलट मारायचं नाही. चेंडू तुमच्याकडे येत नाही, तुमच्याकडून जातो. हात झोका घेतो तोच झोका रिमोटला कळतो, मनगटाचा कल कळतो, आणि बोट उचललं तो क्षण तर बटणामुळे बिनचूक कळतो. गेमला अंदाज करायला फारसं उरतच नाही. म्हणून लोळून जिंकायची युक्ती इथे तितकीशी चालत नाही, आणि आपण केलं तेच पडद्यावर झालं असं वाटतं. शिवाय एकच रिमोट चौघांत फिरतो. एकजण टाकतो, बाकीचे टोमणे मारतात. माझ्या मते निम्मा खेळ त्या टोमण्यांतच आहे.

शिकागोजवळ सेजब्रूक नावाची ज्येष्ठांची वसाहत आहे. 2007च्या सुरुवातीला तिथे वी बोलिंगची स्पर्धा भरल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेतल्या कितीतरी वृद्धनिवासांत मग संघ झाले, शर्ट शिवले गेले. यातले बरेच जण तरुणपणी खरं बोलिंग खेळलेले. खऱ्या लेनवरचा जड चेंडू आता उचलवत नव्हता, पण झोका अंगात होता. खुर्चीत बसूनही तो घेता येत होता.

व्यायामाचं म्हणाल तर लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 13 ते 15 वयाच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला आणि तो 2007च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. बसून खेळायच्या गेमपेक्षा वी स्पोर्ट्समध्ये निदान 51 टक्के जास्त ऊर्जा खर्च होते, असं दिसलं. गंमत म्हणजे बोलिंग या बाबतीत टेनिस-बॉक्सिंगच्या फार मागे नव्हतं. मात्र मुलांना रोज जेवढा व्यायाम हवा त्यात धरण्याइतकी ही मेहनत नाही, हेही त्यांनी लिहिलं. तेव्हा पोरांना खाली मैदानात पाठवाच.

[दृश्य : तडा गेलेला टीव्ही. मनगटातली पातळ दोरी.]

बोलिंगची एक भानगड मात्र होती. सोडायचं असतं बटण. पण चेंडू टाकण्याच्या भरात माणूस मूठच सोडतो. रिमोट सुटला, दोरी तुटली, टीव्ही गेला, अशी छायाचित्रं इंटरनेटवर दिसायला लागली. कन्सोल येऊन महिना होतो न होतो तोच, डिसेंबर 2006मध्ये, निन्टेंडोनं सुमारे 32 लाख दोऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं. आधीची दोरी 0.6 मिलीमीटर जाड होती, नवी 1 मिलीमीटर. पुढच्या वर्षी रिमोटला घालायचा सिलिकॉनचा अंगरखाही फुकट वाटला.

[दृश्य : समुद्रातलं एक बेट, वरून.]

2009मध्ये 'वी स्पोर्ट्स रिझॉर्ट' आला. वुहू नावाचं बेट, बारा खेळ. सोबत मोशनप्लस नावाचा एक ठोकळा, रिमोटच्या बुडाला लावायचा. त्यात जायरोस्कोप, म्हणजे हात कसा वळला याचाही हिशेब आला. टेबल टेनिसमध्ये स्पिन देता येऊ लागला. रिमोट उभा धरून धनुष्य, नंचक मागे ओढून दोरी, अशी तिरंदाजी आली आणि ती सुंदर होती. पण जायरोस्कोप हळूहळू बहकतो. मध्येच गेम सांगणार, रिमोट सपाट टेबलावर पालथा ठेवा, मग तलवार उपसा. बोलिंग इथेही होतंच.

2010मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलसाठी मूव्ह आला, टोकाला चमकता गोळा असलेली कांडी. गोळा कॅमेऱ्याला लहान दिसला की हात लांब, मोठा दिसला की जवळ. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट आला, कॅमेऱ्यानं अंगाची हालचाल टिपणारा; त्याला हातात काही धरायचंच नव्हतं. 'काइनेक्ट स्पोर्ट्स'मध्ये बोलिंग होतं. बाजूला हात पसरून हवेतला चेंडू उचलायचा आणि टाकायचा. दिसायला जादू. पण सुटण्याचा क्षण हरवला होता. बोटाखाली बटण नाही, तर सोडणार काय?

निन्टेंडोच्या नंतरच्या स्विच या कन्सोलवरचा 2022चा 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स' पाहा. बेसबॉल आणि बॉक्सिंग गळाले, गोल्फ त्या वर्षाच्या शेवटी मागून आला. बोलिंग पहिल्या दिवसापासून आहे, आणि ऑनलाइन 16 जण एकाच वेळी टाकतात. ज्याचे गुण कमी तो बाद.

[दृश्य : मुंबईतली एक खोली. सोफा, टीपॉय, वर फिरणारा पंखा.]

आणि आपला क्रिकेट? मुंबईच्या ट्राइन गेम्स या स्टुडिओनं प्लेस्टेशनच्या मूव्हसाठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' बनवला, गल्लीतला. तो खेळताना एक गोष्ट लगेच जाणवते. चेंडू बॅटच्या मधोमध बसला की खऱ्या बॅटमधून कोपरापर्यंत जी गोड झिणझिणी येते, ती मूव्हच्या कांडीतून येत नाही, नुसती थरथर येते. पाय हलवायची गरज नसते, आणि पाय न हलवता मारलेला कव्हर ड्राइव्ह आपल्या कुठल्याही गल्लीत शिव्याच खाईल. क्रिकेटची फलंदाजी म्हणजे येणाऱ्या चेंडूला उत्तर. या यंत्रांना सगळ्यात अवघड जातं ते नेमकं तेच.

शिवाय जागेचा प्रश्न. काइनेक्टला एका माणसासाठी सहा आणि दोघांसाठी आठ फुटांचं अंतर हवं असायचं. वन रूम किचनमध्ये तेवढं अंतर काढायचं तर टीपॉय गॅलरीत आणि पाहुणे जिन्यात. टेनिसची सर्व्हिस करायला हात वर नेला की डोक्यावर पंख्याची पाती. बोलिंगमध्ये हात खांद्याच्या वर जातच नाही. पंखा चालू ठेवून खेळता येतं.