मुलाला दुसऱ्याचं मन कधी कळतं?

(दादरला पालक आणि बालवाडीच्या ताईंसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तीन वर्षांचं मूल गावच्या आजीशी फोनवर बोलताना बघा. आजी विचारते, “जेवलास का रे?” हा नुसती मान डोलावतो. आजी पुन्हा विचारते, हा पुन्हा मान डोलावतो. शेवटी आपण ओरडतो, “अरे, तोंडाने सांग की!” आपली मान आजीला दिसत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलेलं नसतं.

घरी एक करून बघा. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा ठेवा आणि आत काय असेल ते विचारा. “बिस्किटं!” डबा उघडून दाखवा, बंद करा, मग विचारा, “ताईने अजून उघडलेला नाही. तिला आत काय आहे असं वाटेल?” तीन वर्षांचं मूल बहुधा “सुईदोरा” म्हणतं. “आणि तुला आधी काय वाटलं होतं?” तरी “सुईदोरा”च! पालक म्हणतात, खोटं बोलतोय. नाही हो. मघाशी आपलीच समजूत वेगळी होती, हेच त्याला अजून उमगत नाही. १९८३ साली विमर आणि पेर्नर या संशोधकांनी कपाटातल्या चॉकलेटची गोष्ट सांगून मुलांची अशी परीक्षा घेतली. पुढे अनेक देशांत ती झाली. साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास मुलं योग्य उत्तर देऊ लागतात.

आवडीनिवडीतला फरक मात्र फार आधी कळतो. १९९७ च्या एका अभ्यासात दीड वर्षाच्या मुलांनी समोरच्या बाईंना त्यांच्या आवडीची ब्रोकोली दिली, स्वतःला आवडणारी बिस्किटं नव्हे.

ही समज वाढते कशावर? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कर्णबधिर मुलांचा अभ्यास. ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर आहेत आणि घरात पहिल्यापासून खुणांची भाषा आहे, ती मुलं या परीक्षेत मागे पडत नाहीत. ऐकू येणाऱ्या आईवडिलांची कर्णबधिर मुलं मात्र बरीच मागे राहतात. बुद्धी तीच असते. घरात पाणी, जेवण, चप्पल यांच्या खुणा होतात. “मला वाटलं, तू रागावलीस” हे त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

आणि ऐकू येणाऱ्या मुलांशी तरी आपण किती बोलतो? लोकलच्या गर्दीतून आठला घरी पोचलेली आई “आटप, जेव, झोप” एवढंच बोलू शकते, आणि तिला मी दोष देणार नाही. पण भरवता भरवता एवढं सांगता येतं : “बाबाला वाटलं गाडी वेळेवर येईल, म्हणून तो थांबला, ती रद्द झालेली त्याला माहीतच नव्हतं.” बाबाचं वाटणं एक, घडलं भलतंच. मुलाला शिकायचं आहे ते नेमकं हेच.

ताई, वर्गातलं एखादं मूल हाकेला वळत नसेल, तर त्याला हट्टी ठरवू नका. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे कान तपासून घ्यायला पालकांना सांगा. आणि ऐकू येत नाही असं निघालं, तर खुणांची भाषा त्याच्याबरोबर आईबाबांनी आणि आजीनेही शिकायला हवी.