दिव्यांग सर्टिफिकेटवर टक्के आहेत, काम कुठलं?

दादांचे हे हात बघा, कुठलं काम जमेल ह्याची चाचणी चाललीय. समोरच्या बोर्डवर बारीक भोकांच्या दोन रांगा, एकेका रांगेत 25, आणि वरच्या वाटीतून एकेक पिन उचलून त्यात बसवायचीय. आधी उजव्या हाताने 30 सेकंद, मग डाव्याने, मग दोन्ही हात एकदम. ह्याला पर्ड्यू पेगबोर्ड म्हणतात, 1940 च्या दशकात अमेरिकेत कारखान्यासाठी कामगार निवडायला तो बनला, आता दिव्यांग माणसाला कुठलं काम जमेल ते बघायलाही वापरतात.

आता अवघड भाग. पिन, तिच्यावर वॉशर म्हणजे चकती, मग कॉलर म्हणजे छोटी नळी, परत वॉशर, असं एक मिनिट. दादांचा डावा हात पोलिओने कमजोर आहे, पण बघा, पिन धरून ठेवायला तो बरोबर मदतीला येतोय आणि उजवा भराभर चालतोय. चाचणी घेणाऱ्या मॅडम नुसता आकडा लिहीत नाहीयेत, हात कुठे अडला, दम कधी लागला, एकदा सांगून कळलं का, सगळं वहीत जातंय. हीच नोंद मोलाची, कारण सर्टिफिकेटवर 40 टक्के दिव्यांगत्व लिहिलं की सवलती सुरू होतात, पण त्यावरून ह्या माणसाला मोबाईल रिपेअरिंग जमेल का वेल्डिंग, हे कोण सांगणार?

आपल्याकडे हे काम जुनं आहे. केंद्र सरकारने 1968 साली मुंबई आणि हैदराबादला ह्याचसाठी व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे दिव्यांगांना कामाला लावायला मदत करणारी केंद्रं, काढली, मुंबईचं सायनला. आता त्याचं नाव नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर फॉर डिफरंटली एबल्ड. तरी कितीतरी घरांत हे माहीतच नसतं, पोराला सरळ झेरॉक्सचं दुकान टाकून देतात, त्याला आवडतं का कुणी विचारत नाही.

ही ताई कर्णबधिर आहे. सर खुणांनी सांगतायत, आणि ते पुढे काही दाखवायच्या आधीच तिने वाकडी गेलेली शिवण स्वतः उसवली, परत घातली, थांबून बघा तो टाका. लेखी परीक्षेत हे दिसलंच नसतं, म्हणून इथे खरं कापड, खरं मशीन.

दादा पुढे असेंब्लीच्या ट्रेनिंगला गेले, ताईची शिफारस टेलरिंगला झाली. सरकारी नोकरीत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांसाठी किमान 4 टक्के जागा राखीव आहेत, तेही लक्षात ठेवा.

तुमच्या घरी कुणी दिव्यांग असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि शाळेचे कागद घेऊन त्याला अशा सेंटरला न्या, फी लागत नाही. आणि तिथे प्रश्न विचारले की उत्तर त्यालाच देऊ द्या.