गौताळ्याच्या तळ्याकाठी, बारा महिने

नमस्कार श्रोतेहो.

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, घरच्या घरं शेतात जातात. बाजारपेठा ओस पडतात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, आणि जेवण झालं की झाडाखाली ताणून द्यायची. त्यामुळे रानात जाऊन राहायचं कसं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. पण येळवस आपल्या शेतात असते. जंगलात आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याच्या रीती वेगळ्या. त्याच आज कन्नडजवळच्या गौताळ्याच्या निमित्तानं सांगतो.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलंय. साग, धावडा, सालई, पळस, अंजन असं पानगळीचं रान, आणि आत गौताळा तलाव. लोक इथं येतात ते बहुतेक श्रावणात. धबधबा, भिजणं, फोटो, संध्याकाळी परत. पितळखोऱ्याची लेणी याच डोंगरांत आहेत. तिथली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात बसलीय, पण लेणी मात्र इथंच आहेत, तीही पाहा.

माझं मत विचाराल तर श्रावण सोडून या. दिवाळीनंतर तळं भरलेलं असतं, वाटा सुकलेल्या असतात, हवा स्वच्छ असते. फाल्गुनात पळस पेटतो. चैत्र-वैशाखात सागाला पान राहत नाही, पाणी आटत जातं, आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यावर येतात. जंगल बघायचं असेल तर ऊन सोसायची तयारी हवी, दुसरा उपाय नाही.

आता मुक्कामाचं. अभयारण्यात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय आत जाणंच मना आहे. तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. राहायचं ते त्यांनी नेमून दिलेल्या जागीच, नाहीतर हद्दीबाहेरच्या गावात, शेतमालकाला विचारून. आणि जागा कुठलीही असो, अगदी पाण्याला लागून तंबू लावू नका. फोटो छान येतो, मान्य. पण रात्री पाण्यावर यायची जनावरांची वाट तुम्ही अडवता. शिवाय थंड हवा खोलगटात साचते. पौषात पहाटे दव पडून तंबू आतून-बाहेरून ओला होतो. थोडं वर, उंचवट्यावर राहा, आणि वारा खेळायला तंबूची जाळी मोकळी ठेवा.

जाळीची चेन मात्र रात्रभर बंद. याचं कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावा इतका बारीक असतो की कित्येकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, की मग कळतं. अशा वेळी पट्टी आवळणं नाही, मंत्र नाही. माणसाला चालू न देता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं. सर्पदंशावरची लस तिथं मिळते, आणि ती मण्यारीच्या विषावरही चालते. बूट सकाळी झटकून घाला, विंचवासाठी.

शेकोटीचा मोह सगळ्यांना होतो. थंडीत हुरडा भाजायचा तर आपल्या शेतात भाजा. इथं फेब्रुवारीपासून पाचोळ्याचा थर पडलेला असतो, एक ठिणगी डोंगर जाळते. म्हणून शिदोरीच अशी न्या की चूल लागू नये: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दोन दिवस सहज टिकतं. प्यायचं पाणी घरून न्या, उन्हाळ्यात तर दुप्पट. आणि तो गाण्याचा डबा, स्पीकर म्हणतात तो, घरीच राहू द्या.

जंगलात बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ साली तर यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ चालत चालत गौताळ्यात पोहोचला होता. म्हणून दिवस मावळल्यावर एकट्यानं तळ्याकडे फेरी नको.

रात्र जंगलातच काढायची हौस असेल, तर एक सरळ मार्ग आहे. बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची नोंद करतं, आणि त्यात नाव नोंदवून सामान्य माणसालाही बसता येतं. जागा थोड्या असतात, म्हणून एप्रिलमध्येच विचारून ठेवा. कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर लावू नका, तंबाखू-विडी सोबत नको, खोकला असेल तर पुढच्या वर्षी जा. एकदा मचाणावर चढलं की सकाळी वनरक्षक येईपर्यंत खाली उतरायचं नाही.