एका काचपट्टीवर तीन कामे

नमस्कार. पशुवैद्यकीय सेवा, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे एका माणसाला झेपतात का, असा प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे विद्यार्थी मला नेहमी विचारतात. झेपतात, मात्र तिन्हींचीही सुरुवात गोठ्यातच व्हायला हवी.

संकरित गाईला सडकून ताप आहे, खांद्यापुढची गाठ सुजलेली आहे आणि कानामागे गोचीड चिकटलेले आहेत. अशा वेळी गोचीडताप गृहीत धरून थेट इंजेक्शन देण्याआधी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यावा, काचपट्टीवर पातळ पसरवून वाळवावा, मिथेनॉलमध्ये पक्का करून जिम्सा रंग (पेशींतले परजीवी ठळक दाखवणारा रंग) द्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत थायलेरियाचे, म्हणजे गोचिडांतून पसरणाऱ्या परजीवीचे, बारीक ठिपके आणि कड्या दिसल्या, की उपचाराला आधार मिळतो. तीच काचपट्टी दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवता येते. आणि गाव, महिना, जात, वय, आधीचे औषध अशा नोंदींसह अशा शंभर काचपट्ट्या जमल्या, की आपल्या तालुक्यात हा आजार कधी बळावतो, हा संशोधनाचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

शिकवताना मी सर्वाधिक भर पशुपालकाचे ऐकण्यावर देतो. ‘गाय काहीच खास नही’ या अहिराणी वाक्याचा अर्थ गाय खात नाही असा आहे, हे ज्याला कळत नाही, त्याची तपासणी पहिल्याच पायरीवर अडते.

2022 च्या ऑगस्टमध्ये राज्यात लंपी त्वचारोगाच्या त्या वर्षीच्या साथीची पहिली नोंद जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात झाली. अंगावरच्या गाठी आधी गोठ्यातच दिसतात, प्रयोगशाळेत नंतर. म्हणून गोठ्यात जाणाऱ्याची नोंदवही मला फार मोलाची वाटते.

या क्षेत्रात येण्याची वाट थोडक्यात सांगतो: नीटमधून प्रवेश, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची पदवी, पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी, त्यानंतर दोन वर्षांचे एम.व्ही.एस्सी. (पदव्युत्तर पदवी) आणि अध्यापनासाठी नेट ही पात्रता परीक्षा व पीएच.डी. नोकरीत असताना खाजगी व्यवसायाचे नियम आधी वाचावेत. संशोधनासाठी नमुना घेताना पशुपालकाची संमती आणि संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता घ्यावी.

नोंदवहीतला ‘पुन्हा तपासणी’ हा रकाना रिकामा राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. उपचारानंतर चार-पाच दिवसांनी त्याच गाईच्या कानातून पुन्हा एक थेंब घ्या आणि नवी काचपट्टी जुनीच्या शेजारी ठेवून पाहा.