पेपर वाचता येतो, गोळीची पट्टी नाही

(दृश्य : डिचोलीचा बाजार, सकाळ. औषधाच्या दुकानासमोर वयस्कर गिऱ्हाईकं.)

२०११ च्या जनगणनेत गोव्यातली शंभरातली अकरा माणसं साठीच्या पुढची होती. देशात तेव्हा हे प्रमाण साडेआठच्या आसपास होतं.

आज जे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचं शाळेचं वय १९६१ साली गोवा मुक्त होण्याआधीचं. सरकारी शाळा पोर्तुगीज. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या अनेकांनी मुळाक्षरं गिरवली ती गावातल्या मराठी शाळेत. ही माणसं घरात कोंकणी बोलतात, मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, श्रावणात पोथी लावतात. आणि रक्तदाबाच्या गोळीची पट्टी हातात आली की नातवाला हाक मारतात, कारण ती इंग्रजीत असते.

नातू घरात नसला की रंगावर भागवायचं. पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. पण ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचं एकच औषध कितीतरी कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. सरकारी दवाखान्यातली एक पट्टी, खाजगी डॉक्टरांनी दिलेली दुसरी. नावं निराळी, म्हणून दोन्ही चालू. मग रक्तदाब खाली येतो, उठताना चक्कर येते, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

(दृश्य : चिठ्ठीवरचे आकडे जवळून : १-०-१.)

सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सांगितलं की सोपं. न सांगता कळावं, अशी अपेक्षा कशाला?

आरोग्य साक्षरता म्हणतात ती ही. आरोग्याची माहिती मिळवणं, ती समजणं आणि आपल्या रोजच्या जगण्यात वापरणं. शाळेतल्या इयत्ता झाल्या म्हणजे ती येतेच असं नाही. निवृत्त मास्तरही ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करतात. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा जाणवतच नाही, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं.

तीच गत मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात : खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड. पावसाळाभर पेजेबरोबर तेच. ‘मीठ कमी करा’ म्हटलं की आजी आमटीतलं मीठ कमी करते आणि खारा बांगडा ताटात तसाच राहतो. यात आजीचं काय चुकलं? बांगड्याचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

(दृश्य : आरोग्य केंद्र. डॉक्टर आणि आजी.)

‘आजी, घरी जाऊन सुनेला काय सांगणार?’
‘सकाळी एक, रात्री एक.’
‘जेवणाआधी की जेवून?’
आजी गप्प.

‘समजलं ना?’ असं विचारलं असतं तर आजी ‘हो’ म्हणाली असती. सगळेच म्हणतात. ऐकलेलं परत सांगायला लावण्याची ही साधी पद्धत आहे, आणि तिच्यात परीक्षा समजावणाऱ्याची असते.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्यावीत. काढे, चूर्णं, मलमं, शेजाऱ्याने दिलेलं सुद्धा. त्यात गुडघेदुखीची, दुकानातून मागून आणलेली गोळी हमखास निघते. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, मूत्रपिंडालाही त्रास देतात. रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवायच्या आधी ही पिशवी टेबलावर यायला हवी.