सात-शून्य जिंकलो, पण खेळलो कसे?

नमस्कार मंडळी. आजचा विषय मी मुद्दाम हा घेतलाय, कारण टीम हरली की आपण चार-चार दिवस बोलतो, कोचने बदली खेळाडू उशिरा आणला, लेफ्ट बॅक जागेवरच नव्हता, मिडफिल्डमध्ये कुणी धावतच नव्हतं, सगळं खोदून काढतो, आणि टीम पाच-सहा गोलांनी जिंकली की काय बोलतो? "धुतलं!" "काय मॅच झाली राव!" "या सीझनला कप आपलाच!" बस, संपलं. मग हायलाइट्स परत परत बघायच्या, समोरच्या टीमच्या फॅन मित्राला छळायचं आणि पुढच्या मॅचची वाट बघायची. माझं म्हणणं असं की मोठ्या विजयावर उलट जास्त बोललं पाहिजे, आणि नेमकं बोललं पाहिजे, कारण स्कोअर कितीही मोठा असला तरी आपली पोरं कशी खेळली हे तो सांगत नाही, ते मॅचमधून आपल्यालाच शोधावं लागतं. तुमच्या आनंदावर विरजण घालायला मी आलेलो नाही, नाचा, ओरडा, रात्रभर जागा, पण नंतर जेव्हा बोलायला बसाल तेव्हा नीट बोला.

एक मॅच घेऊ. ५ मार्च २०२३, अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल ७, मँचेस्टर युनायटेड ०. युनायटेडने आठवडाभर आधीच लीग कप जिंकलेला, फॉर्मात होते, आणि त्यांना सात पडले. सातच्या सात गोल गाक्पो, नुन्येझ आणि सलाह यांचे दोन-दोन आणि फिर्मिनोचा एक. आता आठवून बघा, पहिला गोल कधी झाला? ४३व्या मिनिटाला. तोपर्यंत ०-० होतं आणि युनायटेडलाही संधी मिळाल्या होत्या. म्हणजे ४०व्या मिनिटाला तुम्हाला कुणी विचारलं असतं ना की कशी चाललीय मॅच, तर तुम्ही म्हणाला असतात, "ठीक चाललीय, बरोबरीची आहे." मग ४३ला गाक्पो, हाफटाइम झाला, आल्या आल्या ४७ला नुन्येझ, ५०ला परत गाक्पो, आणि तिथे युनायटेड मोडून पडली, पुढचे चार गोल हे मोडलेल्या टीमवर झालेले गोल आहेत. ते गोल खरेच आहेत, त्यांचा आनंदही खरा, पण लिव्हरपूलने मॅच जिंकली ती त्या ४३ ते ५०च्या तुकड्यात.

आणि पुढे काय झालं? सहाच दिवसांनी हीच टीम बोर्नमथकडे गेली, जी टीम तेव्हा तळाशी झगडत होती, आणि १-० हरली, सलाहने पेनल्टी बाहेर मारली. सीझन संपला तेव्हा युनायटेड तिसरी आणि लिव्हरपूल पाचवी, म्हणजे पुढच्या सीझनच्या चॅम्पियन्स लीगच्या बाहेर. म्हणजे सात गोल खाणारी टीम वर आणि मारणारी खाली! ७-०च्या रात्री ज्यांनी "आता आपण परत आलो" असं लिहिलं त्यांचं मन मी समजू शकतो, मीही असंच लिहिलं असतं कदाचित, पण त्या सीझनची दुखणी त्या सात गोलांनी बरी केली नव्हती, फक्त एका रात्रीपुरती झाकली होती.

म्हणून मोठ्या विजयानंतर मी पहिला प्रश्न हा विचारतो: मॅच फुटली कधी? प्रत्येक मोठ्या स्कोअरच्या मॅचमध्ये असा एक क्षण असतो जिथे समोरच्याचा धीर सुटतो, त्याच्या आधीचा खेळ वेगळा आणि नंतरचा वेगळा. आपली टीम चांगली होती का हे ठरवायचं असेल तर आधीचा खेळ बघायचा. २०१४ची वर्ल्ड कप सेमीफायनल आठवा, जर्मनी ७, ब्राझील १. म्युलरचा पहिला गोल ११व्या मिनिटाला, कॉर्नरवर, तो एकटाच मोकळा उभा. मग २३, २४, २६, २९ या मिनिटांना चार गोल. यातला २६व्या मिनिटाचा गोल परत बघा. ब्राझीलने सेंटरवरून मॅच परत सुरू केलीय, बॉल फर्नांडिन्योकडे आला, क्रूसने तो त्याच्या पायातून काढून घेतला, खेदिराबरोबर दोन पास, गोल. आधीचा गोल होऊन धड दोन मिनिटं झाली नव्हती. ब्राझीलच्या खेळाडूंचे चेहरे बघाल तर कळतं की ही माणसं आता बॉलकडे बघतच नाहीयेत. नेमार जखमी, कॅप्टन थियागो सिल्वा सस्पेंड, मागे सगळ्यांना धरून ठेवणारं कुणीच नाही.

आणि जर्मनीचं बघा, त्याआधी अल्जीरियाला हरवायला त्यांना एक्स्ट्रा टाइम लागला होता, फ्रान्सविरुद्ध १-०, आणि नंतर फायनलला अर्जेंटिनाविरुद्ध परत एक्स्ट्रा टाइम, ११३व्या मिनिटाला ग्योत्झेचा गोल, १-०. सातवर थांबलेली टीम ती एकच रात्र होती. हुमेल्सने नंतर सांगितलं होतं की हाफटाइमला त्यांनी ठरवलं, दुसऱ्या हाफमध्ये समोरच्याची टिंगल होईल असं काही करायचं नाही, गंभीरपणे खेळायचं. मला ही गोष्ट त्या सात गोलांइतकीच मोठी वाटते. पाच गोलांनी पुढे असलेली टीम ड्रेसिंग रूममध्ये काय बोलते यावरून ती टीम कळते.

दुसरा प्रश्न सोपा आहे, समोर अकरा होते का? साउदॅम्प्टनला दोनदा नऊ-नऊ गोल पडले, २०१९ला लेस्टरकडून आणि २०२१ला युनायटेडकडून, आणि दोन्ही वेळेला रेड कार्ड लवकर दिलेलं, एकदा पहिल्या पंधरा मिनिटांत आणि दुसऱ्यांदा तर मॅच सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. अशा विजयात आपल्या टीमचं कौतुक करायचंच, दहा जणांविरुद्धही नऊ गोल मारायला दम लागतो, पण त्यावरून आपला डिफेन्स कसा आहे हे कसं कळणार, त्याला काही कामच पडलं नाही ना. लेस्टरचे फॅन २०१९च्या त्या रात्री हवेत होते आणि जानेवारीत तीच साउदॅम्प्टन त्यांच्याच मैदानावर येऊन २-१ जिंकून गेली.

हल्ली बरेच जण एक्सजी, म्हणजे एक्सपेक्टेड गोल्स, बघतात, चांगलं आहे, मीही बघतो. प्रत्येक शॉटला तो कुठून मारला, कोणत्या अँगलने, डोक्याने की पायाने, यावरून गोल होण्याची शक्यता किती ते आकड्यात देतात, पेनल्टीला साधारण पाऊण गोल धरतात. मोठ्या विजयानंतर स्कोअर सात आणि एक्सजी तीनच्या आसपास असं दिसलं तर दोन अर्थ निघतात, एक तर आपल्या स्ट्रायकरांनी त्या दिवशी भन्नाट फिनिशिंग केलं किंवा समोरचा कीपर पार ढेपाळला, आणि यातलं काहीच दर आठवड्याला होत नाही. पण एक्सजीला सगळं सांगता येत नाही हेही लक्षात ठेवा. चार गोलांनी पुढे असलेली टीम मुद्दाम मागे बसते, बॉल फिरवत राहते, समोरचा लांबून मारत सुटतो, त्याचे शॉट्स वाढतात. त्या ७-१च्या मॅचमध्ये ब्राझीलचे शॉट्स जर्मनीपेक्षा जास्त होते! नुसता आकडा बघणारा काय म्हणेल?

आता मला जी मॅच मनापासून आवडते तिच्याकडे येतो. ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, लिव्हरपूल ४, बार्सिलोना ०, दोन मॅचचे गोल मिळून निकाल लागायचा आणि पहिल्या लेगमध्ये, म्हणजे आधीच्या मॅचमध्ये, लिव्हरपूल ३-० हरलेले, सलाह नाही, फिर्मिनो नाही. या मॅचबद्दल कुणीही बोललं की तो कॉर्नर निघतो, आणि निघायलाच पाहिजे. ७९वं मिनिट. अलेक्झांडर-आर्नोल्ड कॉर्नरला बॉल ठेवतो आणि शाकिरी घेईल असं दाखवत तिथून चालायला लागतो. बार्सिलोनाचे डिफेंडर पाठ फिरवून उभे, कुणी एकमेकांशी बोलतंय, कुणी श्वास घेतंय. तो वळून आत बघतो, ओरीगी एकटा दिसतो, पटकन परत येऊन खालून मारतो, ओरीगी वळतो आणि गोल. बॉलबॉयने बॉल लगेच दिला म्हणून हे झालं, आणि तेही आपोआप नाही, क्लबने आधी बघून ठेवलं होतं की खेळ थांबला की बार्सिलोनाचं लक्ष उडतं, म्हणून बॉलबॉईजना सांगून ठेवलेलं की बॉल लवकर द्या. म्हणजे तो गोल त्या पोराच्या हातापासून सुरू होतो.

पण मी म्हणतो तेवढ्यावर थांबू नका. पहिला हाफ परत बघा. १-० झाल्यावर बार्सिलोनाने मेसी, कुतिन्यो, आल्बा अशा एकेकाच्या संधी काढल्या, आणि अ‍ॅलिसनने त्या अडवल्या. यातली एक जरी आत गेली असती तर लिव्हरपूलला पाच गोल लागले असते, अवे गोलचा नियम होता तेव्हा, एकूण गोल सारखे झाले तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल मारणारी टीम पुढे जायची. चार गोल मारणाऱ्या मॅचमध्ये कीपरला कोण आठवतं? फाबिन्यो बघा, सुरुवातीलाच यलो कार्ड मिळालेलं, पुढे जवळजवळ ऐंशी मिनिटं मेसीच्या आसपास खेळायचं आणि दुसरं कार्ड मिळू द्यायचं नाही. हाफटाइमला रॉबर्टसन जखमी होऊन बाहेर, म्हणून मिल्नर लेफ्ट बॅकला गेला आणि त्याच्या मिडफिल्डमधल्या जागी वाइनाल्डम आला, ज्याला सुरुवातीला बसवलं होतं म्हणून तो चिडलेला होता असं तो स्वतःच म्हणाला, आणि त्याने ५४ आणि ५६व्या मिनिटाला दोन गोल टाकले. त्यातल्या पहिल्या गोलच्या आधी अलेक्झांडर-आर्नोल्डने बॉल घालवला होता, घालवून तो थांबला नाही, आल्बाच्या अंगावर धावत जाऊन परत मिळवला आणि क्रॉस टाकला. हे हायलाइट्समध्ये तीन सेकंदात निघून जातं. आपण फॅन आहोत ना, मग रेटिंग देताना गोल मारणाऱ्याला दहापैकी दहा आणि बाकीच्यांना सरसकट आठ असं का करतो? टीमवर जीव आहे तर कुणी काय केलं ते आपल्याला माहीत पाहिजे.

मोठ्या विजयात एक धोकाही असतो आणि त्यासाठी हंगेरीसारखं दुसरं उदाहरण नाही. १९५३ला वेम्बलीवर इंग्लंडला ६-३, दुसऱ्या वर्षी बुडापेस्टला ७-१, १९५०पासून हरलेलेच नाहीत. १९५४च्या वर्ल्ड कपमध्ये ग्रुपमध्ये पश्चिम जर्मनी समोर आली, ८-३, कोचिशचे एकट्याचे चार गोल. स्कोअर बघितला तर विषय संपला. पण जर्मन कोच हर्बेर्गरने त्या दिवशी मुख्य टीममधले बरेच खेळाडू बसवून ठेवले होते, कारण त्या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे हरूनही तुर्कस्तानबरोबर प्लेऑफ खेळायची सोय होती, आणि ती प्लेऑफ त्यांनी ७-२ जिंकली. आणि त्याच ८-३च्या मॅचमध्ये जर्मनीच्या लीब्रिखच्या टॅकलने हंगेरीचा कॅप्टन पुश्काश याचा घोटा गेला, तो क्वार्टर आणि सेमी दोन्ही खेळला नाही. ४ जुलैला बर्नला फायनलमध्ये हेच दोघे परत समोरासमोर. आठव्या मिनिटाला हंगेरी २-०ने पुढे, बघणाऱ्याला वाटलं परत आठ पडणार, पण १८व्या मिनिटाला २-२, आणि ८४व्या मिनिटाला जर्मनीच्या हेल्मुट रानचा गोल, जर्मनी ३-२ जिंकली. मला राहून राहून वाटतं की त्या आठ गोलांची खरी किंमत पुश्काशचा घोटा होती. तेव्हा आपण ५-०ने पुढे असताना मेन खेळाडू लंगडताना दिसला तर मॅचनंतर पहिली चर्चा त्याची करा, पाचव्या गोलची नंतर.

मघाशी एकाने चिठ्ठीवर विचारलंय की मॅच हातात आल्यावर शेवटच्या मिनिटांत मारलेले गोल मोजायचे की नाही, फुटल्यानंतरच्या गोलांना तुम्ही कमी लेखता असं वाटतं. चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर असं की खेळ कसा होता हे ठरवताना कमी धरायचे, पण टेबलसाठी पुरेपूर मोजायचे. २०११-१२चा सीझन घ्या. युनायटेडने ऑगस्टमध्ये आर्सेनलला ८-२ झोडलं, सगळे म्हणाले लीग यांचीच. २३ ऑक्टोबरला युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर सिटी आली. ४७व्या मिनिटाला इव्हान्सला रेड कार्ड, सिटी ३-०, मग ८१ला फ्लेचरने एक मारला, ३-१, आणि दहा जणांची युनायटेड घरच्या मैदानावर गप्प बसायला तयार नाही, पुढे धावत सुटली. ८९ला झेको, इंज्युरी टाइममध्ये सिल्वा, परत झेको. ६-१. त्या तीन गोलांनी मॅचच्या निकालात काहीच बदललं नाही. मे महिन्यात दोघांचे पॉइंट्स सारखे, ८९-८९, मग गोल डिफरन्स, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल, बघायचा, सिटीचा +६४, युनायटेडचा +५६, फरक आठचा, म्हणून लीग सिटीची, आणि त्या आठातले सहा त्या शेवटच्या चार-पाच मिनिटांतले. घरी जाऊन कागदावर मांडून बघा, ती एक मॅच सिटीने ६-१ऐवजी १-० जिंकली असती तर दोघांचेही मारलेले गोल ८८, खाल्लेले गोल २८, सगळं तंतोतंत सारखं झालं असतं आणि लीग ठरवायला प्लेऑफ घ्यावी लागली असती.