सहा मात्रा, दोन मापं: ऑर्केस्ट्राचं 'वापांगो'

[लाकडावर आपटणाऱ्या टाचा, जवळून]
मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या हारोचो लोकसंगीतातला ढोल म्हणजे हा पोकळ लाकडी चौथरा, तारिमा. कडवं सुरू झालं की नाचणारे पाय हलके पडतात, कारण शब्द ऐकू आले पाहिजेत. कडवं संपलं की पुन्हा दणका.

[हाराना छेडणारा हात]
ही हाराना, छोट्या गिटारसारखं वाद्य. तारा आठ: कडेच्या दोन एकट्या, मधल्या सहांच्या तीन जोड्या. हात खाली-वर, सहा मात्रा सलग. सगळा खेळ वजनाचा. तीन-तीन धरल्या तर दोन ठोके. ही फोड दादऱ्याला सरावलेल्या कानाला ओळखीची. दोन-दोन धरल्या तर तीन ठोके. इथे दोन्ही चालतात, कधी आलटून पालटून, कधी एकाच वेळी: चाल तिनात, खर्ज दोनात. मात्रेची लांबी मात्र तीच राहते.

[स्वरलिपीची पानं]
होसे पाब्लो मोंकायो आणि ब्लास गालिंदो हे दोघे संगीतकार व्हेराक्रूझमधल्या आल्व्हारादो गावी जाऊन ही गाणी टिपत बसले. टिपणार तरी कसं? तीच चाल कुणी दुसऱ्यांदा तशीच गाईना. त्यातल्या 'सिकिसिरी', 'बालाहू' आणि 'गाव्हिलान्सितो' या तीन गाण्यांवर मोंकायोंचं 'वापांगो' उभं राहिलं, ऑर्केस्ट्रासाठीची रचना. १५ ऑगस्ट १९४१ रोजी मेक्सिको सिटीत कंडक्टर कार्लोस चावेस यांनी ते पहिल्यांदा वाजवून घेतलं.

[तालीम. हार्पवर कॅमेरा]
ऑर्केस्ट्रात हाराना नाही. हार्प आहे, पण हारोचो हार्पपेक्षा मोठी: ४७ तारा, ७ पेडल. खर्जाच्या तारा घुमत राहतात. तळहातानं त्या वेळेवर दाबल्या नाहीत, तर पुढचं वजन गढूळ होतं.

[मागची रांग: ग्विरो (काडीनं घासायचं खाचांचं वाद्य), माराका (खुळखुळे), क्लावेस (एकमेकांवर आपटायच्या लाकडी दांड्या)]
मोंकायो स्वतः ऑर्केस्ट्रात तालवाद्यं वाजवायचे. तरीही ही मंडळी बसतात सगळ्यात मागे! बारा मीटरवरून आवाज यायला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतात. तीन-तीन मात्रांचे ठोके मिनिटाला १२० धरले, तर एक मात्रा १६७ मिलिसेकंदांची. म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच गेला. व्हायोलिन ऐकून ग्विरो ओढला, तर पुढे बसलेल्यांना तो दुप्पट उशिरा पोचतो. म्हणून मागच्यांनी कानावर विसंबू नये, कंडक्टरचा हात पाहावा. ग्विरोची लांब ओढ काडीच्या टोकापासून सुरू करायची, नाहीतर मध्येच काडी संपते.

दुसरी चूक पुढच्यांची. तिनाचं माप आलं की ते ठोका ताणतात, मात्रा फुगते आणि नाच बसतो. उपाय साधा: तालमीत सगळ्यांनी आधी सहाही मात्रा तोंडानं म्हणायच्या, वजन नंतर.

'वापांगो' आज मेक्सिकोत जवळजवळ राष्ट्रगीतासारखं ऐकलं जातं.

[ट्रम्पेट. लगेच ट्रॉम्बोन.]
शेवटाकडे हे दोघं कडव्याला कडवं देतात, तारिम्याशेजारच्या गायकांसारखं. इथे बाकीच्यांनी आवाज खाली आणायचा. पाय हलके.

[निवेदन थांबतं. वादन पूर्ण आवाजात.]